अकिहाबारा बघायचं ते वरच्या मजल्यावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात पुण्याहून तिघं टोकियोला येत आहेत. लेक आता दहावीत जाईल, ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) आणि मांगावर (जपानी चित्रकथा) तिचा जीव, आणि तिच्या यादीत पहिलं नाव अकिहाबारा, म्हणजे टोकियोतला इलेक्ट्रॉनिक्स आणि ॲनिमेच्या दुकानांचा भाग. एक दिवस पुरेल का, तिथं माल खरंच स्वस्त मिळतो का, नकली काही गळ्यात पडेल का, मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीच्या वेशातल्या मुली वाढतात त्या कॅफेत, मुलीला न्यावं का, असं आई-वडील विचारतायत. शिवाय ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी दिवसभर करायचं काय, हेही.

मी टोकियोत दुभाषाचं काम करते आणि सुट्यांच्या मोसमात मराठी पाहुण्यांना घेऊन हिंडते. अकिहाबारातून हिरमुसून परतणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांचं बहुतेकदा सारखंच होतं. स्टेशनाच्या ‘डेन्कीगाई’ (विजेच्या वस्तूंचा बाजार) दारातून बाहेर पडायचं, चुओ-दोरी या मुख्य रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, तळमजल्यांवर डोकावायचं, मोठमोठ्या जाहिरातींचे फोटो काढायचे आणि दोन तासांत म्हणायचं, “झालं की बघून!” तळमजल्यावर असतात कीचेन, बिस्किटांचे डबे आणि सध्या गाजत असलेल्या मालिकेचा माल. तो जपानभर कुठेही मिळतो. अकिहाबारा उभं वाढलेलं आहे. सात, आठ, दहा मजल्यांच्या अरुंद इमारती, आणि जितकं वर जावं तितकी दुकानं एकेका खास हौसेची होत जातात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: लिफ्टने थेट वर जा आणि जिन्याने एकेक मजला उतरत या. लिफ्टशेजारी मजल्यांची पाटी असते, तिचा आधी फोटो काढून ठेवा.

हे असं का, ते कळलं की दुकानं शोधणं सोपं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात रेडिओच्या सुट्या भागांचा काळा बाजार भरायचा. जवळच विद्युत-तंत्राचं शिक्षण देणारी संस्था होती, आजचं टोकियो डेन्की विद्यापीठ. तिथली पोरं भाग जमवून रेडिओ जोडायची आणि विकायची. १९४९ साली अमेरिकी लष्करी प्रशासनाने रस्त्यावरचे ठेले हटवायला लावले, तेव्हा या विक्रेत्यांना रेल्वेच्या पुलाखाली जागा मिळाली. गाळे इतके चिंचोळे की एका गाळ्यात एक माणूस आणि त्याचा माल, बस्स. मग कुणी फक्त व्हॉल्व्ह ठेवले, कुणी फक्त वायरी, कुणी फक्त स्विच. पुढे टीव्ही आणि फ्रिज आले. १९७६ साली एनईसी कंपनीने इथल्या रेडिओ काइकान इमारतीत ‘बिट-इन’ नावाचं केंद्र उघडलं आणि घरी संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींचा तिथं अड्डा झाला. नव्वदच्या दशकात घरगुती उपकरणांचं गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळलं. रिकाम्या होणाऱ्या मजल्यांवर गेम, फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), मांगा आणि हौशी चित्रकारांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांची दुकानं आली. संगणकवेडी आणि ॲनिमेवेडी पोरं बरीचशी तीच होती, म्हणून हे इथंच झालं. माल बदलला, पण एका हौसेला एक गाळा हा रिवाज कायम राहिला.

सुरुवात त्याच रेडिओ काइकानपासून करा. डेन्कीगाई दाराच्या अगदी समोर, दहा मजले. जुनी १९६२ची इमारत पाडून २०१४ साली ही नवी उभी राहिली. इथं मॉडेल, बाहुल्या, जमवायचे खेळाचे पत्ते (ट्रेडिंग कार्ड), फिगर, मांगा सगळ्यांची वेगवेगळी दुकानं आहेत, पण मला विशेष दाखवायची असतात ती भाड्याची काचकपाटं. काचेचे लहान लहान चौकोनी कप्पे भिंतभर रचलेले असतात. प्रत्येक कप्पा कुणातरी खासगी माणसाने महिन्याच्या भाड्याने घेतलेला असतो. माल त्याचा, किंमतही त्यानेच ठरवलेली. दुकान फक्त कुलूप आणि गल्ला सांभाळतं. त्यामुळे एकच फिगर एका कप्प्यात ३,००० येनला आणि चार कप्पे सोडून ४,५०० येनला दिसते. एक फेरी नुसती बघत मारायची, कप्प्याचा क्रमांक टिपून ठेवायचा, आणि मग काउंटरवर सांगायचं.

स्वस्त की महाग या प्रश्नाचं उत्तर या जुन्या मालातच आहे. नव्या वस्तूची किंमत अकिहाबारात आणि बाकी टोकियोत जवळपास सारखीच असते. येन साधारण साठ पैशांना धरला, तर सात-आठ इंच उंचीची चांगली ‘स्केल’ (ठरावीक प्रमाणात बनवलेली) फिगर १५ ते ३० हजार येन, म्हणजे नऊ ते अठरा हजार रुपये. हे ऐकून वडिलांच्या भुवया वर जाणारच. या फिगर बहुतेकदा आगाऊ नोंदणीवर बनतात. कंपनी कित्येक महिने आधी मागणी घेते, त्या अंदाजाने माल काढते आणि साचा बाजूला ठेवते. दोन वर्षांपूर्वीची फिगर नव्या दुकानात सापडत नाही ती यामुळे. ती सापडते जुन्या मालाच्या दुकानात. जपानी घरं लहान, नवीन आलं की जुनं काढावं लागतं. जुनं विकून चांगली किंमत हवी तर खोकं, आतलं प्लास्टिक, सगळं जपावं लागतं, हे इथल्या प्रत्येक संग्राहकाला पाठ असतं. म्हणून ‘वापरलेली’ म्हणून मिळणारी वस्तू पुष्कळदा काचेबाहेर कधी आलेलीच नसते.

ही दुकानं उगीच कुणाकडूनही माल घेत नाहीत. जुन्या मालाच्या व्यापाराचा कायदा जपानमध्ये १९४९पासून आहे. परवाना लागतो आणि विकणाऱ्याची ओळख तपासून घ्यावी लागते. नकली मालाची तुम्हाला वाटणारी भीती नाव असलेल्या दुकानांत म्हणूनच फारशी बाळगायला नको. मांदाराके या जुन्या मालाच्या दुकानांच्या साखळीचं आठ मजली काळं ‘कॉम्प्लेक्स’ चुओ-दोरीच्या मागच्या बाजूला आहे. मला एकच दुकान निवडायला सांगितलं तर मी ते निवडेन. दुपारी बाराला उघडतं. सकाळी नऊला अकिहाबारात पोहोचलेली उत्साही कुटुंबं बंद शटर बघत कॉफी पीत बसतात. इथली बरीच दुकानं दहा-अकराशिवाय हलत नाहीत.

किंमतपट्टी वाचायला शिका, म्हणजे फोनचा कॅमेरा तिच्यावर धरून भाषांतर करून घ्या. ‘मिकाइफू’ म्हणजे खोकं उघडलेलंच नाही. ‘काइफूझुमी’ म्हणजे उघडलेलं, पण बहुतेकदा सगळे भाग शाबूत. खोक्याला चेप असेल तर तेही लिहितात आणि त्यावर किंमत उतरते. तुम्हाला फिगर कपाटात उभी करायची असेल, पुन्हा विकायची नसेल, तर चेपलेलं खोकं हा तुमचा फायदा. ‘जंक’ लिहिलेल्या वस्तूची मात्र कसलीही हमी नाही, परत घेणार नाहीत. जपानी विक्रेता दोष लपवत नाही. कोपऱ्यावरचा नखाएवढा ओरखडाही लिहून ठेवतो. घासाघीस मात्र करू नका. तुळशीबागेतली सवय इथं कामाला येत नाही, समोरचा नुसता अवघडतो.

लेकीसाठी गृहपाठ: हव्या असलेल्या पात्रांची नावं आणि मालिकेचं मूळ जपानी नाव, जपानी लिपीत, चित्रासकट फोनमध्ये जतन करून आण. आपल्याकडे ‘डेमन स्लेयर’ म्हणतात ते इथं ‘किमेत्सु नो याइबा’ आहे. इंग्रजी नाव सांगितलं तर दुकानातला मुलगा गोंधळतो. चित्र दाखवलं की तो तुला त्या कपाटापाशी नेऊन उभं करेल. दुकानात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, खुणेचं चित्र लावलेलं दिसेल. मांगा प्लास्टिकमध्ये बंद असतात, चाळता येत नाहीत.

आता करमुक्त खरेदी. १० टक्के उपभोग कर परदेशी पाहुण्यांना माफ होतो. एका दिवसात एकाच दुकानात किमान ५,००० येनांची खरेदी हवी आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलते: तेव्हापासून दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सची खातरजमा झाली की कर परत मिळायचा. तुम्ही त्याआधी येत असाल तर दुकानातच कर वजा होतो. निशी-कासाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, राहणारा चुलतभाऊ ‘मी घेऊन देतो’ म्हणाला तर नको म्हणा, कारण इथं नोकरीला असलेल्याला ही सवलत नाही. करमुक्त घेतलेली वस्तू त्याच्या मुलाला भेट देऊन जाणंही नियमात बसत नाही, ती तुमच्याबरोबर देशाबाहेर गेली पाहिजे.

काही गोष्टी अजिबात घेऊ नका. लॅपटॉपचा कीबोर्ड जपानी असतो. विजेवर चालणारी उपकरणं १०० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० आहे. चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तरच उचला. निन्टेंडो स्विच २ या गेमच्या यंत्राचं जपानमधलं स्वस्त मॉडेल मोह पाडतं, पण ते फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावर चालतं. डीव्हीडीही आपल्याकडच्या प्लेअरवर चालेलच असं नाही: जपानच्या डीव्हीडीचा विभाग २, भारताचा ५. गनप्ला, म्हणजे रोबोंची जोडायची मॉडेल, जरूर घ्या. साधं मॉडेल दीड-दोन हजार येनांत येतं, गोंद लागत नाही आणि सामानात सपाट बसतं. मात्र त्याचे स्प्रे आणि लॅकर रंग ज्वालाग्राही असल्यामुळे विमानात नेता येत नाहीत. खेळण्यातल्या एअरगन भारतात नेण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

पत्त्यांच्या दुकानांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. गेल्या काही वर्षांत पोकेमॉनच्या आणि इतर खेळांच्या पत्त्यांनी अकिहाबाराचे मजलेच्या मजले व्यापलेत. काचेतला सुटा पत्ता किंमत बघून घ्यायला हरकत नाही. पण ‘ओरिपा’ नावाची पाकिटं असतात, ती दुकानदाराने स्वतः भरलेली असतात. बाहेर एका महागड्या पत्त्याचं चित्र, आत बहुतेकांच्या नशिबी रद्दी. ही लॉटरी आहे, आणि दहावीतल्या मुलीच्या खाऊच्या पैशांनी ती खेळू नये.

गाचापोन वेगळं. ते यंत्र १०० येनची नाणी खातं, ३०० ते ५०० येनांत खेळणं भरलेला एक प्लास्टिकचा गोळा देतं आणि त्यात काय निघेल ते माहीत नसतं, पण यादी समोर छापलेली असते आणि तोटाही तेवढाच. गाचापोन काइकानमध्ये अशी शेकडो यंत्रं आहेत. इथं आईवडीलच जास्त रमतात, कारण गोळ्यांत पात्रांखेरीज काहीही निघतं: चिमुकला प्रेशर कुकर, रेल्वेचा फलक, लोळणारी मांजर.

यूएफओ कॅचरवर, म्हणजे पंज्याने वस्तू उचलायच्या यंत्रावर, नाणं टाकण्याआधी एक हिशेब माहीत असू द्या. यात ठेवायच्या बक्षिसाची किंमत साधारण १,००० येनांपर्यंतच असावी असा इथला दंडक आहे. त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या फिगरना ‘प्राइझ’ फिगर म्हणतात. त्याच फिगर न उघडलेल्या खोक्यात शेजारच्या जुन्या मालाच्या दुकानात हजार-दोन हजार येनांत पडलेल्या असतात. आधी तिथली किंमत बघून यायची आणि तेवढीच रक्कम यंत्रावर घालवायची मर्यादा ठरवायची. पंजा मुद्दामच ढिला असतो, एका झेपेत वस्तू येत नाही, ती हळूहळू कडेला सरकवायची असते. फारच अडली तर कर्मचाऱ्याला हात करा. तो हसतमुखाने सोप्या जागी ठेवून देतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी सहानंतर पालकांशिवाय गेम सेंटरमध्ये थांबता येत नाही, तेव्हा तिला एकटी सोडून जाऊ नका.

मुलीबरोबर जाताना आणखी एक. मजल्यांच्या पाटीवर ‘१८’ आकड्याची खूण असेल तो मजला प्रौढांचा. नाव असलेल्या दुकानांतही असे मजले असतात, पडदा किंवा स्पष्ट फलक लावलेला असतो. माझ्या ‘वरून खाली’ नियमाला एवढा अपवाद: आधी पाटी वाचा, मग लिफ्टचं बटण दाबा.

मेड कॅफे: दिवसा, नाव असलेल्या ठिकाणी, खुशाल न्या. पहिला कायमचा मेड कॅफे इथं २००१ साली सुरू झाला, आता मुली आणि कुटुंबंही सर्रास जातात. माणशी तासाचं प्रवेशशुल्क, वर प्रत्येकाने काहीतरी मागवायचं, आणि मेडबरोबर झटपट फोटो हवा तर त्याचे वेगळे पैसे. तिघांचं बिल सहज सहा-सात हजार येनांवर जातं. आपल्या फोनने मेडचे फोटो काढायचे नाहीत, स्पर्श करायचा नाही. टाळ्या वाजवत मंत्र म्हणायला लावतात तेव्हा वडिलांनी लाजू नये, सगळेच म्हणतात. मात्र संध्याकाळी गल्लीत पत्रकं घेऊन उभ्या असलेल्या मुलींच्या मागे कुठल्याशा चौथ्या मजल्यावर जाऊ नका. त्यातल्या काही जागा दारूच्या असतात आणि बिल हाती आल्यावरच दर कळतात. शाकाहारी असाल तर ऑमलेट-भाताच्या पोटात कोंबडी असते, आणि रामेन-सोबा या नूडल्सच्या रश्शात डुक्कर किंवा मासा. मी शाकाहारी पाहुण्यांना कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळीत नेते. त्यांच्या बऱ्याच शाखांत शाकाहारी रश्श्याची करी मिळते. ‘बेजी’ म्हणून मागायची.

दिवस कुठला निवडावा? खरेदी करायची तर मंगळवार ते गुरुवार, माहौल बघायचा तर रविवार. रविवारी दुपारी एकपासून चुओ-दोरी वाहनांना बंद असते, एप्रिल ते सप्टेंबर सहापर्यंत. ही प्रथा १९७३पासूनची आहे. ८ जून २००८च्या रविवारी एका माणसाने इथल्या गर्दीत ट्रक घातला आणि सुऱ्याने वार केले. सात जण गेले. त्यानंतर रस्ता रविवारीही वाहनांना खुला झाला, तो जानेवारी २०११मध्ये पुन्हा चालणाऱ्यांना मिळाला. मेमध्ये येताय तर २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्यांचा आठवडा टाळाच.

आणि ज्यांना यातलं काही कळत नाही ते दोघं. वडील जर जुना मिक्सर उघडून बसणाऱ्यांपैकी असतील तर त्यांना पुलाखालच्या रेडिओ सेंटरमध्ये सोडून द्या. तो १९४९चा बाजार अजून चालू आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली एखाद्याने ड्रॉवरमध्ये नीट लावून ठेवावी, तसा. रेझिस्टर, एलईडी, सेन्सर हवे असतील तर जवळच अकिझुकी आणि सेन्गोकु ही दुकानं आहेत. इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्यासाठी कीचेनपेक्षा इथलं एखादं सर्किट किट न्यावं असं माझं मत.

आईंना मी दहा मिनिटं चालवून कान्दा म्योजिन देवळात नेते (हसू नका, नाव तसंच आहे). स्थापना इसवी सन ७३०ची, आजच्या टेकडीवर १६१६पासून. इथं पुजला जाणारा दाइकोकुतेन मुळात आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आला आणि इथं हसरा, गुबगुबीत, भाताच्या पोत्यांवर उभा असलेला भरभराटीचा देव झाला. याच देवळात संगणक आणि फोन सुरक्षित राहावेत म्हणून ताईत मिळतो, आणि नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर भाविकांनी ॲनिमेची पात्रं इतकी सुरेख काढलेली असतात की लेकीलाही तिथून ओढून आणावं लागेल. विषम वर्षी मेच्या मध्यात इथला मोठा उत्सव असतो. परतताना १९१२ सालच्या, आता बंद असलेल्या मान्सेइबाशी स्थानकाच्या विटांच्या कमानींत थांबा. वर दोन रुळांच्या मध्ये काचेची गच्ची आहे, दोन्ही बाजूंनी चुओ लाइनच्या गाड्या धडधडत जातात. खरेदी खेळण्यांपलीकडची हवी असेल तर ओकाचीमाचीच्या दिशेला पुलाखालीच कारागिरांची दुकानं आहेत, नाव २के५४०, कारण टोकियो स्थानकापासून अंतर २,५४० मीटर.

निशी-कासाईला उतरणार असाल तर तोझाई लाइनने कायाबाचो आणि तिथून हिबिया लाइनने तिसरं स्टेशन. मोठी खोकी हातात घेऊन फिरू नका, स्टेशनावरचा लॉकर दुपारच्या आत धरा.

एक दिवस पुरेल का? अकिहाबाराला पुरेल, लेकीला पुरणार नाही. दुसरा अर्धा दिवस कुठं घालवायचा ते तिच्या आवडीवर आहे. नव्या मालिका आणि मैत्रिणींचा घोळका आवडत असेल तर इकेबुकुरो. तिथलं ॲनिमेट या ॲनिमेच्या मालाच्या साखळीचं मुख्य दुकान २०२३मध्ये वाढवून पुन्हा उघडलं आहे आणि गिऱ्हाईक बहुतांशी मुलीच. जुनं, दुर्मीळ, ॲनिमेशनचे हाताने रंगवलेले मूळ ‘सेल’ (चित्र काढलेले पारदर्शक तुकडे) वगैरे बघायचं असेल तर नाकानो ब्रॉडवे. १९६६ची इमारत आहे, मांदाराके १९८०मध्ये तिथंच एका लहानशा गाळ्यात सुरू झालं आणि आता चार मजल्यांवर त्याचे बरेच गाळे विखुरलेले आहेत. अकिहाबाराहून सोबू लाइनची पिवळी गाडी थेट जाते, वीस मिनिटं. बुधवारी जाऊ नका, बरेच गाळे बंद असतात, आणि बाराच्या आधी पोहोचूनही उपयोग नाही.